उभी राहिली की तापते

४ एप्रिल

बारकू,

आणि फोन उचलायचाच नसेल तर तो खिशात बाळगतोस कशाला, फेकून दे एकदाचा. घंटी वाजते, वाजते आणि थकून गप्प होते. मीही थकले. म्हणून हे पत्र. चौथी पास बाईचं आहे, चुका काढत बसू नको. तुझा भाऊ गेला तेव्हा तू आला नाहीस ते मी गिळलं. लोक विचारायचे धाकटा कुठाय, मी सांगायचे निघालाय, वाटेत आहे. अजून तू वाटेतच आहेस. असू दे. मी रडगाणं लावायला बसलेली नाही. लोक म्हणतात रडून घे, मोकळी होशील. मी म्हणते आधी गाडीचं बघू.

तर गाडी तापते. तुझ्या भावाच्या हातात कधी तापली नाही, तो गेला आणि हिला ताप चढला.

काल शुक्रवार होता. आईच्या टाचेला साखरेची जखम आहे. दर शुक्रवारी इस्पितळात नेऊन पट्टी बदलायची, डॉक्टरीणबाई स्वतः बघतात. त्यांनी बजावलंय की खाडे केले तर पाय वाचवता येणार नाही. रिक्षात आईला पाय लांब करता येत नाही, गाडीत मागच्या सीटवर नीट पसरून बसते. गाडी मी चालवते. तुझ्या भावानं मला शिकवली होती, आणि आता शेजारी बसून ओरडायला तो नाही म्हणून जरा बरीच चालवते.

काल पुलावर सगळ्या गाड्या खोळंबल्या. काटा चढत चढत तांबड्यात गेला. मग बोनेटच्या फटीतून वाफ. आईला वाटलं पेटली. माझं ऐकण्याआधी ती दार उघडून खाली उतरली, त्याच पायावर. तिला त्या पायात टोचलेलं कळत नाही, म्हणून ती उभी राहते. पट्टी सगळी ओली झाली. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तेवढंच त्यांना येतं. मी रेडिएटरचं टोपण फिरवलं तर उकळतं पाणी मनगटावर आलं. कातडं निघालं. फार काही वाटलं नाही. फडकं बांधलं.

इथल्या गॅरेजवाल्यानं महिन्यापूर्वी टोपण बदललं, मग थर्मोस्टॅट म्हणून एक वस्तू असते ती बदलली. दर वेळी म्हणतो, आता बघा ताई, गाडी म्हणजे बर्फ. बर्फ कसला, बंब आहे.

आणि आता आई गाडीत बसणार नाही म्हणते. म्हणते धाकट्याला विचार, त्याला गाडीतलं कळतं, तो बस म्हणाला तर बसेन.

तेव्हा सांग काय करायचं.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

पत्र मिळालं. गॅरेजात यंत्रांचा आवाज असतो, फोन ऐकू येत नाही.

पहिली गोष्ट. इंजिन गरम असताना टोपण उघडायचं नाही. हात लावून बघा, वरचा रबरी पाइप दाबला जातो इतपत गार झाला की मगच. मनगटाला मलम लावा आणि डॉक्टरला दाखवा.

दुसरं, मला एवढं पाहून कळवा. पाणी कमी होतं का? सकाळी पाहून ठेवा, फेरीनंतर गार झाल्यावर पुन्हा पाहा. इंजिन ऑइलची काडी काढा, पुसा, पुन्हा घालून काढा. तेल काळं आहे की दुधाच्या चहासारखं झालंय? चहासारखं असेल तर गाडी अजिबात चालवू नका. मागच्या धुरांड्यातून पांढरा दाट धूर येतो का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, गाडी कधी तापते? पळताना, चढावर, की उभी असताना?

नुसतं तापते म्हटल्यानं कळत नाही. तापण्यातही प्रकार असतात.

आईला नमस्कार सांगा. गाडीत बसायला हरकत नाही म्हणावं, फक्त दुरुस्त झाल्यावर.

बारकू


१३ एप्रिल

बारकू,

तापण्यातही प्रकार असतात हे मला सांगतोस? तुझ्या भावाबरोबर संसार केलाय मी.

पाणी तेवढंच आहे, कमी होत नाही. पुलावर उडालं तेवढंच मी भरलं. तेल काळं आहे, डांबरासारखं. चहा नाही. धूर पाहायला शेजारणीला मागे उभी केली, ती म्हणाली नेहमीसारखाच येतोय. तिला नेहमीचा कसा असतो हे कुठून माहीत ते विचारू नको.

कधी तापते ते पाहायला मी एकटीच घेऊन गेले. मोठ्या रस्त्यावर पळवली, काटा मधोमध, शहाण्यासारखा. बाजाराच्या तोंडाशी गर्दीत उभी राहिले आणि चढायला लागला. गर्दी सुटली, पळाले, उतरला. पळते तोवर बरी आहे. उभी राहिली की तापते.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, मग म्हणाली कागद काय कुणीही लिहील, तूच लिहिला असशील. मी म्हटलं, मला इंजिनाचं ज्ञान असतं तर मी तुमच्याकडे कशाला राहिले असते. ती हसली नाही. मग बोलली ते तिच्याच शब्दांत सांगते: "मला त्याच्या तोंडून ऐकू दे. मग तू म्हणशील तिथे येते."

या शुक्रवारी गेली नाही. इस्पितळातल्या मुलीला घरी बोलावून पट्टी बदलून घेतली. तिनं जखम पाहिली आणि भराभर बांधली. मला ते आवडलं नाही.

फोन कर. दोन मिनिटं लागतात.

वहिनी


१७ एप्रिल

वहिनी,

पळताना थंड, उभी राहिल्यावर गरम. पाणी जात नाही, तेल काळं. म्हणजे इंजिन चांगलं आहे. पंखा बघा.

गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरला लागतो, तोच पाणी गार करतो. गाडी थांबली की वारा थांबला. तेव्हा रेडिएटरच्या मागचा पंखा फिरायला हवा. पाणी ठरावीक गरम झालं की एक सेन्सर पंख्याला वीज सोडतो, माणसाला काही करावं लागत नाही.

दारात गाडी उभी करा, इंजिन चालू ठेवा, बोनेट उघडा. पदर, ओढणी, केस काही आत लोंबू देऊ नका. काटा मधोमध जाऊन वर सरकला की पंखा फिरला पाहिजे. नाही फिरला आणि काटा तांबड्याजवळ आला तर लगेच बंद करा.

पंखा फिरत नाही म्हणून गॅरेजवाला मोटर बदलायला निघेल. बदलू देऊ नका. आधी पंख्याची वायर काढून बॅटरीला थेट लावायला सांगा. फिरला तर मोटर जिवंत आहे, दोष मागे आहे. मग फ्यूज बघायचा आणि वायर कुठे जाते ते बघायचं.

तोवर वाटेत अडकलात आणि काटा चढला तर आतला हीटर पूर्ण सोडा, खिडक्या उघडा. इंजिनाची थोडी उष्णता आत येते. तुम्ही घामाघूम व्हाल पण इंजिन वाचेल.

फोन बिघडला आहे.

बारकू


२१ एप्रिल

बारकू,

आधी ऐकू येत नाही म्हणालास, आता बिघडला. एक काय ते ठरव. खोटं बोलायलाही डोकं लागतं, आणि ते तुमच्या घरात सगळं तुझ्या भावाकडे गेलं.

पंखा फिरला नाही. उभी राहून पाहिलं, काटा चढला, पंखा ढिम्म. गॅरेजवाला म्हणाला मोटर जळली. मी म्हटलं बॅटरीला लाव. म्हणाला काय गरज आहे. मी म्हटलं माझा दीर म्हणतो. त्यानं तोंड वाकडं करून लावली आणि पंखा असा फिरला की त्याची टोपी उडायची बाकी राहिली. मग म्हणाला, हां, हेच मी म्हणणार होतो.

फ्यूज ठीक आहे. पण वायरीची गंमत आहे. सेन्सरकडे जाणारी वायर कापून टेप लावून ठेवलीय. तिच्याऐवजी दुसरीच एक पिवळी वायर पंख्यापासून निघून इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकातून आत जाते, आपण बसतो तिथे. आत कुठे जाते ते त्याला सापडलं नाही. म्हणाला कोणी केलंय हे, कंपनीचं काम नाही. कोणी केलं असणार. सगळी वायर नवी टाकतो म्हणाला, मी थांब म्हटलं.

शुक्रवारी आईला रिक्षातून नेलं. पाय मुडपून बसली. पोचेपर्यंत पट्टीतून रक्त. डॉक्टरीणबाई मला बाहेर घेऊन बोलल्या. टाचेची कड काळी पडतेय. म्हणाल्या पाय लोंबकळत आणायचा नाही, आणि न आणायचाही नाही. अजून असं चाललं तर दाखल करून घेऊ आणि काय काढावं लागेल ते तेव्हा ठरवू. मी मान हलवली. मला त्या वेळी खिडकीतलं कुंडीतलं रोपटं दिसत होतं, त्याला पाणी नव्हतं.

तू आईशी का बोलत नाहीस? कशावरून रुसलास? घरावरून, माझ्यावरून, कशावरून? मी तुमच्या घरात आले तेव्हा तू अर्ध्या चड्डीत होतास, तुझ्या डोक्याला तेल मी लावलंय. मला तोंडावर सांगितलंस तर मी मरणार नाही.

वहिनी


२५ एप्रिल

वहिनी,

तुमच्यावर कोणीही रुसलेलं नाही.

वायर नवी टाकू नका. सेन्सर कधीतरी गेला असणार आणि दादानं तो बदलला नाही. पंख्याची वायर आत आणून बटणाला जोडली. काटा चढला की हातानं पंखा लावायचा, उतरला की बंद करायचा. बरेच ड्रायव्हर आठवडाभरासाठी असं करतात. दादाचा आठवडा किती वर्षांचा असायचा ते तुम्हाला ठाऊक आहे.

बटण समोर नसेल, नाहीतर तुम्हाला दिसलं असतं. तुम्ही शेजारी बसायचा. आठवून बघा. सिग्नलला, फाटकाला, गाडी उभी राहिली की दादाचा हात कुठे जायचा?

बारकू


२९ एप्रिल

बारकू,

गुडघ्याला.

उजवा हात गुडघ्याखाली जायचा. गाडी थांबली की वाकायचा, सुटली की पुन्हा वाकायचा. मी म्हणायचे दुखतोय का, तो म्हणायचा हं. मी गुडघ्याचं मलम आणायला लागले. आणि तो ते लावायचा, बारकू. रोज झोपताना लुंगी वर करून लावायचा. चांगला गुडघा होता त्याचा. एक शब्द बोलला नाही की बाई, मी बटण दाबतो. बोलला असता तर मी सेन्सर बदलायला लावला असता, म्हणून बोलला नसेल. किंवा मलम लावायला आवडत असेल. आता कोणाला विचारू?

तुझं पत्र वाचून तशीच खाली गेले. ड्रायव्हरच्या जागेवर बसून हात खाली घातला. स्टिअरिंगच्या खाली, दाराच्या बाजूला, साधं घरातल्या दिव्याचं असतं तसं बटण. इतके दिवस माझ्या गुडघ्यापाशी होतं. दाबलं. पुढे पंखा घुरघुरला. मी बसून राहिले. मग आईनं हाक मारली म्हणून उठले, पंखा बंद केला.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम गर्दीच्या वेळी पुलावर नेली. थांबले, दाबलं, काटा मधोमध. पुन्हा थांबले, पुन्हा मधोमध. गाडीला काही झालेलं नाही. तिला चालवणारा हात नव्हता एवढंच.

आईला सांगितलं, बटण दाखवते म्हटलं. ऐकत नाही. तिच्या डोळ्यांपुढे ती वाफच आहे. या गेल्या शुक्रवारीही गेली नाही. परवाच्या शुक्रवारी मी पुन्हा सांगून बघणार, पण मला माहीत आहे काय होणार ते. जखमेला आता वास येतो. तिला येत नाही, मला येतो.

तुला फार बोलायचं नाहीये. "आई, गाडी बरी आहे, बस." इतकंच. कोणाच्याही फोनवरून कर, शेजारच्या दुकानातून कर. हवा तेवढा राग ठेव मनात, मला चालेल, पण एवढं बोल. पाय गेल्यावर तू वर्षभर बोललास तरी तो परत येणार नाही.

वहिनी


४ मे

वहिनी,

बटणावर चालवू नका. विसरलात तर इंजिन जाईल, आणि सतत चालू ठेवलंत तर मोटर जाईल. नवा सेन्सर घ्या, रेडिएटरच्या बाजूला स्क्रूसारखा फिरवून बसवतात. जुनी कापलेली वायर जोडायला सांगा. मग दारात उभी करून तपासा. पंखा आपोआप लागला, काटा उतरल्यावर आपोआप थांबला, पुन्हा लागला, तर काम झालं.

आता दुसरं.

मला बोलता येत नाही. घशात गाठ होती. आवाजाची पेटी काढून टाकली. गळ्याला भोक आहे, श्वास तिथून घेतो. दादा गेला त्या आठवड्यात मी वॉर्डात होतो, नळ्या होत्या. मला दोन दिवसांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसानं फोनवरचा निरोप वाचून दाखवला.

दादाला आधीपासून माहीत होतं. ऑपरेशनच्या आधी तो इथे येऊन गेला. तुम्हाला पार्ट आणायला जातो म्हणाला असेल. त्यानंच बजावलं, घरी कोणाला सांगू नको, मी बघतो आईला कसं सांगायचं ते. मग तो गेला, आणि मला कसं सांगायचं ते कळेना.

तुमचे फोन मी पाहत होतो. एकदा उचलला. तुम्ही हॅलो हॅलो म्हणालात, कोण बोलतंय म्हणालात, मागून आईचा आवाज आला. मग तुम्ही ठेवलात.

काम चालू आहे. इंजिन ऐकायला तोंड लागत नाही. गॅरेजातल्या पोरांना पाटीवर लिहून देतो.

आईला सांगू नका. काहीतरी वेगळं सांगा. तुम्हाला सुचेल.

बारकू


९ मे

बारकू,

मला सुचलं नाही. मी सांगितलं.

तुझं पत्र परवा, गुरुवारी आलं. मी उभ्यानंच वाचलं. तो फोन मला आठवतो. मी चुकीचा नंबर म्हणून ठेवला होता. आधी तुझ्या भावाचा राग आला. अजून काय काय लपवून गेलाय ते त्यानं एकदाच सांगावं, मी खाली बसून ऐकते. पार्ट आणायलाच जातो म्हणाला होता. मी डबा करून दिला होता. मग राग पण गेला. हल्ली काही फार वेळ टिकत नाही.

गेल्या शुक्रवारी आई गेलीच नव्हती. म्हणून हे झाकून ठेवायला मला वेळ नव्हता. तिच्या खाटेवर बसले आणि सांगितलं, आई, त्याची आवाजाची पेटी काढली, तो बोलू शकत नाही, म्हणून फोन करत नाही. रुसलेला नाही. जिवंत आहे, कामावर जातो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी जेवली, थोडं. पुन्हा भिंतीकडे वळली. मला वाटलं आता हीपण गेली हातची.

सेन्सर त्याच दिवशी बसवून घेतला. दारात उभी केली, पंखा आपोआप लागला, थांबला, पुन्हा लागला. गॅरेजवाला म्हणाला बटण काढून टाकू का, आता काय कामाचं. मी म्हटलं तुला काय करायचंय, तुझ्या गुडघ्याला लागतंय का.

काल सकाळी मी रिक्षा बोलवायला चप्पल घालत होते. मागे वळले तर आई भिंतीला धरून दारात आली होती, पिशवी घेऊन, शाल घेऊन. गाडीचं दार उघड म्हणाली. मी उघडलं. मागच्या सीटवर बसली, पाय आपला आपण उचलून ठेवला. मी विचारलं नाही का बसलात. विचारलं असतं तर उतरली असती.

डॉक्टरीणबाईंनी काळी कड कापून काढली. आत लाल आहे, लाल म्हणजे चांगलं म्हणाल्या. त्या पायाची करंगळीही काळवंडलीय, तिचं अजून सांगता येत नाही. पाय राहील असं वाटतंय, पण एकही शुक्रवार चुकवायचा नाही.

येताना पुलावर अर्धा तास अडकलो. पंखा लागत होता, थांबत होता. आई डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "त्याला गिळता येतं का?"

मी म्हटलं मला काय ठाऊक. म्हणाली विचार. थोड्या वेळानं म्हणाली, लहानपणी मोठे घास घ्यायचा, पाणी हातात घेऊन मी शेजारी बसायची.

तुला ये म्हणत नाही. यायचं तर ये, दार उघडंच आहे, आणि बोलायला मी एकटी पुरेशी आहे. पण हे मात्र लिही. गिळता येतं का. घट्ट खातोस की पातळ. कोण करून देतं. सगळं नीट लिही, इंजिनाचं लिहितोस तसं, एकेक. पुढच्या शुक्रवारी पुलावर ती पुन्हा विचारणार, आणि गाडी चालवताना मला खोटं बोलता येत नाही.

गुरुवारपर्यंत उत्तर माझ्या हातात पाहिजे.

वहिनी